चाळीस दिवस मिटलेली पेटी

मी एक जुनी बाजाची पेटी आहे, मित्रांनो, आणि खरं सांगायचं तर फार भित्री आहे. उंदराची नुसती खुडबुड ऐकली तरी माझा जीव भात्यात गोळा होतो. हसा खुशाल! पोटात कापड, कातडं आणि पितळी सूर घेऊन बसावं लागलं असतं, म्हणजे तुम्हालाही कळलं असतं.

नागपूरच्या इतवारीत वामनराव मिस्त्रींनी मला सागवानात घडवलं. माझा एकेक सूर ते कानाशी धरून घासत. मला प्रेमिलाबाईंच्या हवाली करताना त्यांनी एवढंच बजावलं, "बाई, हिले रोज हवा द्या. बंद राहिली का बिघडलीच समजा."

प्रेमिलाबाई शाळेत तिसरीला शिकवत आणि आपल्या चर्चसाठी गाणी रचत. नागपुरातल्याच सदर भागात दोन खोल्यांत त्या आणि त्यांच्या आत्या जिजाबाई अशा दोघीच राहत. बाईंचा नेम कडक होता. पहाटे प्रार्थना झाली की साडेपाचला माझ्यापुढे बसायचं आणि गाणं सुचो न सुचो, तास भरल्याशिवाय उठायचं नाही. कित्येक सकाळी हाती काहीच लागत नसे. मग त्या म्हणत, "प्रभू, मी हजर आहे," आणि पुन्हा षड्ज लावत. बारा वर्षांत अशी तीसेक गाणी झाली. लोक म्हणायचे, बाईंना देवाची देणगी आहे. असेल हो! पण डिसेंबरच्या थंडीत गारठलेली त्यांची बोटं माझ्या पट्ट्यांनीच पाहिली होती.

चौऱ्याहत्तर साली चर्चच्या पाळकसाहेबांनी त्यांना ईस्टरसाठी नवं गाणं करायला सांगितलं. दोन कडवी झाली, तिसरं अडलं. तेवढ्यात ईस्टरआधीचा उपवासकाळ आला. या चाळीस दिवसांत ख्रिस्ती माणसं आपल्या आवडीचं काहीतरी सोडतात. कुणी मटण सोडतं, कुणी चहा. बाईंनी मला सोडलं.

"काहून वं, पेटी काहून बांधून राहिली?" जिजाबाईंनी विचारलं.

"आत्याबाई, मले सगळ्यात प्यारी हेच आहे. म्हणून देवाले हेच देऊन राहिली."

"अवं, चहा सोड, साखर सोड. हे तं देवाचंच काम आहे. आपलं काम कोणी सोडते का?"

पण बाईंनी देवाला शब्द दिला होता. त्यांनी मला जुन्या लुगड्यात गुंडाळलं आणि खाटेखाली सरकवलं. मला वाटलं, झालं, संपलं आपलं!

मित्रांनो, ते दिवस आठवले की आजही माझ्या फळ्या थरथरतात. मार्च तापला तसं लाकूड आखडू लागलं. एका दुपारी कुरतडण्याचा आवाज आला. उंदीर माझ्याच भात्यात शिरला होता. मला ओरडता येईना, कारण कुणी हवा भरल्याशिवाय माझ्या तोंडून सूर फुटतच नाही. वर खाटेवर बाई कूस बदलत. त्याही घाबरल्या होत्या. "तिसरं कडवं येऊनच नाही राहिलं, आत्याबाई," त्या म्हणत. पण नवस मोडायची भीती त्याहून मोठी होती.

गुड फ्रायडेला उपासना संपल्यावर पाळकसाहेबांनी विचारलं, "गाणं बसलं ना, बाई?" बाईंनी मान डोलावली. हो म्हणाल्या! प्रभूच्या मरणाच्या दिवशी खोटं बोलून त्या घरी आल्या. आल्या आल्या त्यांनी मला ओढून काढलं आणि भाता दाबला. माझ्यातून नुसता फुसफुस वारा निघाला.

"देवा, काय करून बसली मी हे!" म्हणत त्या माझ्यावर डोकं टेकून रडल्या.

जिजाबाई ओरडल्या नाहीत. त्यांनी आपल्या हातपिशवीचं कातडं कापलं, सुताराकडून सरस आणला आणि भोकावर ठिगळ लावलं. शनिवारी बाई सकाळपासून दिवेलागणीपर्यंत बसल्या. बोटं अडखळत होती, दोन सूर घोगरे झाले होते आणि तिसरं कडवं काही केल्या येईना. त्यांच्या तळहाताचा घाम माझ्या पट्ट्यांवर उतरत होता.

ईस्टरच्या, म्हणजे प्रभू कबरेतून उठला त्या दिवसाच्या पहाटे, रिवाजाप्रमाणे सगळी मंडळी कबरस्तानात जमली; मलाही तिथे नेलं. मेणबत्त्या लागल्या. पहिलं कडवं झालं, दुसरं झालं. तिसऱ्याच्या जागी बाईंनी नुसती चाल वाजवली. मी तर धास्तीने अर्धी झाले होते. आता सगळ्यांना कळणार!

कुणालाच कळलं नाही. पाळकसाहेब भारावून म्हणाले, "शेवटी शब्द ठेवलेच नाहीत! फार सुंदर सुचलं तुम्हाला, प्रेमिलाबाई."

बाईंनी हो म्हटलं असतं तर गोष्ट तिथेच मिटली असती. त्या माझ्या पट्ट्यांकडे बघत राहिल्या. मग उठून उभ्या राहिल्या आणि साऱ्या मंडळीसमोर बोलल्या, "सुचलं नाही, साहेब. शब्द आलेच नाहीत. शुक्रवारी मी खोटं बोलले. देवासाठी सोडते म्हणून मी चाळीस दिवस पेटीपुढे बसलेच नाही. देव येत असेल रोज साडेपाचला. मीच नव्हते."

जिजाबाईंनी पुढे होऊन त्यांचा हात धरला.

त्याला दहा वर्षं झाली. बाईंनी नंतर पुष्कळ गाणी केली. ते तिसरं कडवं मात्र आलं नाही. त्यासाठी त्या अजून रोज पाच मिनिटं वेगळी ठेवतात. मीही अजून भिते, झाकण मिटलं की उद्या उघडेल ना म्हणून भिते. म्हणून मित्रांनो, हात जोडून सांगते, तुमच्या घरी एखादी पेटी, एखादी वही, एखादा कुंचला पडून असेल तर आज त्याच्यापुढे जाऊन बसा. काही सुचलं नाही तरी बसा.