व्हिडिओ कुणी काढला

ऑफिसात तिला सगळे मास्तरीण म्हणत. नियमांची पुस्तिका तिला तोंडपाठ होती. शेजारचा कुणी अडला की पानं चाळण्याऐवजी तिच्याकडे खुर्ची वळवायचा. काम तसं सरळ होतं. लोकांनी तक्रार केलेली पोस्ट पडद्यावर यायची, ती ठेवायची की उडवायची ते ठरवून बटण दाबायचं. पोस्ट कुणाची, ते दिसत नसे. एका पोस्टला वीस सेकंद. आवाज ऐकत बसलं तर वेळ पुरायचा नाही, म्हणून सगळेच आवाज बंद ठेवून बघत.

त्या मंगळवारी दुपारी एक व्हिडिओ आला. नाल्याचा काठ, निळसर फेस, आणि पहिल्याच दृश्यात पोट फुगून फाटलेलं मेलेलं कुत्रं. खाली तीनशेवर तक्रारी. बीभत्स दृश्य, कलम सहा. अकराव्या सेकंदाला तिने तो उडवला आणि पुढच्या पोस्टकडे वळली.

संध्याकाळी घरी आली तर मामीने दारातच हळू आवाजात सांगितलं, की मामा दुपारपासून जेवले नाहीत, तू तरी बघ. कॉलेजसाठी म्हणून ती मामांकडे राहायला आली होती, ती नोकरी लागल्यावरही तिथेच राहिली. मामा शाळेच्या प्रयोगशाळेत सहायक होते. निवृत्त झाल्यापासून ते वस्तीमागच्या नाल्याचं पाणी बाटल्यांत भरून तपासत आणि निकाल सोशल मीडियावरच्या आपल्या पानावर टाकत. वरच्या अंगाला कापड रंगवायचा कारखाना होता. तो सुट्टीच्या दिवशी घाण पाणी सोडतो, असं त्यांचं म्हणणं. त्यांच्या दोन पोस्टी आधीच उडवल्या गेल्या होत्या. आज तिसरी गेली आणि खातंच बंद झालं. वर्षभराचे फोटो, तारखा, लोकांनी लिहिलेलं, सगळं त्यात.

मामांनी फोन तिच्यापुढे धरला. "व्हिडिओ माझ्याकडे आहे अजून. यात काय वाईट आहे, तूच सांग."

कुत्रं दिसताच तिने ओळखलं, दुपारी आपण उडवलेला तो हाच. या वेळी आवाज चालू होता. मामा शांतपणे, वर्गात शिकवल्यासारखं सांगत होते, की हे कुत्रं तीन दिवसांपूर्वी इथलं पाणी प्यायलं, आता आपण पट्टी बुडवून बघू, पाणी दूषित असेल तर तिचा रंग बदलेल. डोळे दुखताहेत असं सांगून ती आत गेली. ती नेमकं काय काम करते हे घरात कुणाला ठाऊक नव्हतं. कामाबद्दल बाहेर बोलायचं नाही, असं नोकरीच्या करारातच होतं. 'कॉम्प्युटरवर तपासणी' एवढंच ती सांगायची.

दुसऱ्या दिवशी ती टीमलीडपुढे जाऊन उभी राहिली. त्याची नजर सतत सगळ्यांच्या वेळेवर, म्हणून त्याचं नाव घड्याळराव पडलेलं. माणूस वाईट नव्हता. तिने सगळं सांगितलं. तो म्हणाला, चूक झाली एवढंच फॉर्मवर लिही, दोन दिवसांत व्हिडिओ परत येईल, खातंही सुटेल. नातं लिहिलंस तर प्रकरण चौकशीला जाईल, वेळ लागेल, वर तुझ्या नावापुढे शेरा.

"पण नातं आहे," ती म्हणाली.

"नातं फॉर्मला कुठे दिसतंय?"

जागेवर येऊन तिने फॉर्म उघडला, मिटला, पुन्हा उघडला. नातं लपवून व्हिडिओ परत आणला, तर तो मामांचा म्हणूनच आणला असं होईल. आणि उघड लिहिलं, तर मामांनी आणखी किती दिवस तोंड दाबून बसायचं? जेवणाच्या सुट्टीत ती जिन्यावरून उगाच चार वेळा वरखाली झाली. शेवटी तिने नातंही लिहिलं.

दिवस जाऊ लागले. वस्तीत कुजबुज सुरू झाली, की एवढ्या मोठ्या कंपनीने खातं बंद केलं म्हणजे काहीतरी खोटं असणारच. कारखान्याच्या माणसांनी हीच गोष्ट पुढे करून पाणी तपासायची मागणी झटकून टाकली. मामा फिरायला जाईनासे झाले. ऑफिसात तिला पटकन बटण दाबवेना. बीभत्स काही दिसलं की ती आवाज चालू करून शेवटपर्यंत बघायची, आणि घड्याळरावच्या तक्त्यात तिचा आकडा घसरत जायचा.

पाचव्या संध्याकाळी मामी भाजी निवडत होती आणि मामा नुसतेच बसले होते. ती समोर जाऊन बसली.

"मामा, तुम्ही काढलेला तो व्हिडिओ मी काढून टाकला."

मामीचे हात थांबले. मामा तिच्याकडे वळले.

"किती वेळ बघितलास?"

"अकरा सेकंद."

"पट्टीचा रंग बदलायला तीस लागतात," ते म्हणाले आणि उठून गॅलरीत गेले.

त्यानंतर ते तिच्याशी बोलेनासे झाले. मामीच मध्ये दुवा झाली. "अहो, पोरीने आपणहून सांगितलं ना," एवढंच ती एकदा म्हणाली आणि विषय सोडून दिला.

नवव्या दिवशी व्हिडिओ परत आला, खातंही सुटलं. मामांचा चेहरा उजळला. पण दिवसभरात खाली लोक तुटून पडले. म्हाताऱ्याला वेड लागलंय, पैसे खाऊन बदनामी करतोय. एकाने तर घराचा पत्ताच टाकून लिहिलं, की जाऊन समजावून या. मामी घाबरली. तिने भरदिवसा खिडक्या लावून घेतल्या.

मामा तिच्या खोलीच्या दारात येऊन उभे राहिले. इतक्या दिवसांत पहिल्यांदा.

"हे उडवता येईल तुला?"

"मला आपल्या माणसांचं काही हाताळता येत नाही. तुम्ही तक्रार करा, कुणीतरी बघेल."

"माझं उडवलंस तेव्हा आलं."

तिने उठून खुर्ची रिकामी करून दिली. मामा तिच्याच टेबलाशी बसले आणि तिला विचारत विचारत त्यांनी पत्ता टाकलेल्या त्या मजकुराविरुद्ध तक्रार भरली. दुसऱ्या दिवशी दुपारी पत्ता गेला. शिव्या गेल्या. कुणीतरी अर्धा दिवस बसून अख्खा ढीगच साफ केला असावा. मामीने खिडक्या उघडल्या.

संध्याकाळी मात्र मामा अस्वस्थ होऊन फोन वरखाली सरकवत होते. एक प्रश्न शोधत होते. कुणीतरी विचारलं होतं, की कारखान्याच्या वरच्या बाजूचं पाणी तपासलंत का? ते न तपासता दोष कारखान्याचा कसा ठरवलात? शिव्यांबरोबर तोही गेला होता.

"तो बरोबर बोलत होता," मामा म्हणाले. "मुलांना जन्मभर हेच सांगितलं, आणि मीच विसरलो. कोण होता तो?"

तिलाही माहीत नव्हतं, आणि शोधायचा मार्गही नव्हता.

रविवारी सकाळी ते दोघं बाटल्या घेऊन कारखान्याची भिंत मागे टाकून नाल्याच्या वरच्या बाजूला गेले. तिथे नाला अरुंद होता, पाणी बरंच स्वच्छ दिसत होतं. मामांनी पट्टी बुडवली. ती घड्याळाकडे बघत राहिली. तिसाव्या सेकंदाला पट्टीचा रंग बदलला. खालच्या पाण्यात होतो तितका गडद नाही, पण बदलला.

मामा जवळच्या दगडावर बसले. आणखी वर कुठेतरी दुसरंही कुणी काहीतरी सोडत होतं, आणि वर्षभर त्यांचं बोट एकट्या कारखान्याकडे होतं.

"हेही टाकणार?" तिने विचारलं.

"टाकायला नको?"

"कारखानावाले हेच घेऊन नाचतील. वस्तीवाले म्हणतील, फितूर झाला. दोन्हीकडून तक्रारी पडतील."

"म्हणजे पुन्हा उडवतील?"

"सांगता येत नाही, मामा. समोर कोण बसलंय, त्यावर आहे."

त्यांनी मान हलवली, दुसरी बाटली भरली, तारीख लिहिली आणि फोन तिच्या हातात दिला. या वेळी व्हिडिओ तिने काढला. तो टाकून झाल्यावर दोघंही घरी जायचं सोडून तिथेच थांबले आणि दर मिनिटाला फोन बघत राहिले.