तीस युनिटांच्या खाली

मानवजातीच्या इतिहासात खऱ्या अर्थाने तीनच शोध लागले: आग, चाक आणि एअर फ्रायर. बाकी सगळ्या किरकोळ दुरुस्त्या. हे मत युनिटराव ठामपणे, हातवारे करून मांडत असत. मांडत असत ते फ्रिजसमोर, कारण स्वयंपाकघरात ऐकायला दुसरं कोणी नव्हतं. पुढे थंडी पडली, दूध खिडकीबाहेरच्या फळीवर फुकटात गार राहू लागलं, तेव्हा त्यांनी फ्रिजही बंद केला. आणि घरातला शेवटचा श्रोता, जो निदान मधूनमधून गुरगुरून होकार भरायचा, तोही गेला.

युनिटराव हे काही त्यांचं पाळण्यातलं नाव नव्हे. वीज कार्यालयात एकतीस वर्षं त्यांनी दारोदार फिरून मीटर वाचले, आणि त्या काळात सहकाऱ्यांनी हे नाव बहाल केलं. कुणाच्याही घरी गेले की ते आधी मीटर बघत आणि मग माणूस. सासऱ्यांना पहिल्यांदा भेटायला गेले तेव्हाही त्यांनी आधी मीटरच बघितला, अशी गोष्ट कार्यालयात सांगितली जाई. ती साफ खोटी होती. त्या दिवशी त्यांनी मीटर नंतर बघितला होता.

एअर फ्रायर मुलीने पाठवला. ती दुसऱ्या गावी असते आणि दर रविवारी सकाळी फोन करते.

“बाबा, दोन बटाट्यांसाठी तो चार फळ्यांचा ओव्हन तापवायचा म्हणजे एका प्रवाशासाठी अख्खी बस काढण्यासारखं आहे.”

मुद्दा बिनतोड होता. ओव्हन घेतला तेव्हा घरात पाच माणसं होती. मुलगा-मुलगी आपापल्या मार्गाला लागली, आई गेली, चार वर्षांपूर्वी बायको गेली, आणि ओव्हन मात्र पाचांचाच राहिला. तासभर चालला की दीड युनिट खायचा. एअर फ्रायर त्याच बटाट्यांना चौदा मिनिटांत सोनेरी करी, पाव युनिटाच्या जरा वर. पहिल्या दिवशी युनिटरावांनी बटाटा चाखायच्या आधी जिन्यात जाऊन मीटर बघितला आणि मग परत येऊन, उभ्यानेच, पहिला तुकडा तोंडात टाकला. बटाटा किंचित गार झाला होता. तरी त्यांना तो आयुष्यातला सर्वोत्तम बटाटा वाटला.

तिथून त्यांना चटकच लागली. फ्लॉवर, अंडी, पाव, एकदा तर सफरचंद, सगळं त्या डब्यात जाऊ लागलं. मग नजर बाकीच्या घरावर फिरली. कपडे हाताने. दिवा एकच, माणूस ज्या खोलीत, त्याच खोलीतला. दुपारी वाचनालय, कारण तिथला हीटर सार्वजनिक होता आणि वर्तमानपत्रही. संध्याकाळी दोन स्वेटर आणि त्यावर बायकोची शाल. महिन्याला साठ युनिटं जाळणारं घर पहिल्या महिन्यात अठ्ठावीसवर आलं, दुसऱ्यात पंचवीसवर, तिसऱ्यात बावीसवर. इतका देखणा उतार त्यांनी अख्ख्या नोकरीत पाहिला नव्हता. फक्त दाखवायला कुणी नव्हतं.

चौथ्या महिन्याच्या दोन तारखेला वाचनालयातून परत आले तर दारावर कागद चिकटवलेला.

घर ज्या वसाहत मंडळाचं होतं, त्याची ती नोटीस होती. निवृत्त कर्मचाऱ्यांना हयातभर राहायला घर द्यायचं, पण ते कुलूप लावून अडवून ठेवणाऱ्यांकडून काढून घ्यायचं, असा मंडळाचा नियम. वाट बघणाऱ्यांची यादी लांब होती. कागदावर लिहिलं होतं: “सलग तीन महिने तीस युनिटांपेक्षा कमी वापर असल्याने सदर घर रिकामे असल्याचे आढळते. आठ दिवसांत समाधानकारक पुरावा न आल्यास घर यादीतील पुढील अर्जदारास देण्यात येईल.”

युनिटरावांनी नोटीस दोनदा वाचली. मग, खात्री करून घ्यावी तसे, किल्ली लावून आत गेले. आत ते होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते मंडळाच्या खिडकीवर हजर झाले. पलीकडच्या बाईंनी नोटीस हातात घेतली, चष्म्यावरून त्यांच्याकडे बघितलं.

“कुणाच्या वतीने आलात?”

“माझ्याच. मी राहतो तिथे.”

“पुरावा?”

“बाई, मी समोर उभा आहे.”

“तुम्ही इथे आहात, ते दिसतंय मला. तिथे असता हे कुठे दिसतंय?”

“तीस युनिटांच्या खाली गेलं म्हणजे माणूस नाही, हे ठरवलं कुणी?”

“आम्ही नाही हो ठरवलं. तज्ज्ञांचं मत आहे.” बाईंनी कपाटातून एक जुनी फाईल काढली, धूळ त्यांच्या दिशेने झटकली आणि वाचून दाखवलं: “‘एकटा मनुष्य कितीही चिंगूस असला तरी महिन्याला तीस युनिटांच्या खाली जाऊ शकत नाही. माझा अनुभव असा की, त्याखालचे घर हमखास बंद असते.’ सही आहे बघा खाली.”

सही युनिटरावांची होती. अकरा वर्षांपूर्वी मंडळाने वीज कार्यालयाकडे सल्ला मागितला होता, आणि साहेबांनी तो कागद ‘आपल्यातला जाणकार’ म्हणून त्यांच्याकडे सरकवला होता. त्यांना आठवलं, ‘चिंगूस’ हा शब्द सरकारी कागदात बसतो का, यावर तेव्हा बराच वाद झाला होता.

“हा माणूस चुकला,” ते म्हणाले.

“त्याला आणा मग. लेखी द्यायला सांगा.”

“मीच तो.”

बाईंनी फाईल मिटली. “काका, आठ दिवस आहेत तुम्हाला. तुमच्याच मजल्यावरचा किंवा वरच्या-खालच्या घरातला शेजारी आणा, या फॉर्मवर सही घ्या. तुम्ही तीन महिने सतत राहताय हे त्याने बघितलेलं असलं की झालं. सोपंय.”

सोपंच होतं. येताना युनिटराव बसमध्ये बसून शेजारी आठवू लागले. आठवले ते मीटर. वरच्या घराचं चक्र नेहमी धावपळीत. खालच्याचं दिवसा चालतं, शिंपीकाम असणार. समोरच्या घराचं चौतीसच्या आसपास, त्यातली चार युनिटं हीटरची असणार. चेहरे मात्र एकाचाही नीट आठवेना.

त्या दिवसांत त्यांना नोकरीतलंही काही आठवत राहिलं. दार दोनदा वाजवायचं, उघडलं नाही तर वहीत ‘घर बंद’ लिहून पुढे जायचं, अशी पद्धत होती. एकदा एका दाराआडून खोकल्याचा आवाज आला होता. पण पद्धतीत उघडण्याचा उल्लेख होता, खोकल्याचा नव्हता. त्यांनी ‘बंद’ लिहिलं होतं आणि त्या दिवशी कार्यालयात वेळेआधी पोचले होते.

रविवारी मुलीला सगळं सांगितलं.

“मी येते ना बाबा, मी करते सही!”

“नातेवाईक चालत नाहीत. प्रेमापोटी खोटं बोलतात म्हणून.”

“मग ओव्हन लावा! दिवसभर चालू ठेवा, दाखवा त्यांना.”

“मागचे महिने कसे वाढणार? आणि नसलेला वापर दाखवायचा? एकतीस वर्षं मी खोटे आकडेच पकडत आलो.”

“बाबा, घर जाईल तुमचं.”

“हं.”

“इकडे या म्हटलं तर तेही नको.”

“तुमच्याकडे मीटर घराच्या आत आहे. माणसाने बघायचं काय?”

ती हसली नाही. फोन ठेवल्यावर मात्र युनिटरावांनी ओव्हन लावला. रिकामाच. दार उघडं टाकून त्याच्यासमोर खुर्ची ओढून बसले. ऊब गुडघ्यांपर्यंत आली, मग छातीपर्यंत. आतल्या फळीवर कधीकाळी उतू गेलेल्या कशाचा तरी डाग होता. तो तापून केकचा मंद वास यायला लागला. वीस मिनिटांनी त्यांनी बटण बंद केलं आणि वहीत प्रामाणिकपणे लिहिलं: अर्धं युनिट, विनाकारण.

सोमवारी ते फॉर्म घेऊन वर गेले. दार उघडणाऱ्या गृहस्थाच्या एका हातात मूल होतं, दुसऱ्यात मुलाचा बूट.

“सात नंबर? ते रिकामं आहे ना? आम्हीच अर्ज केलाय त्याच्यासाठी. मेहुण्याला हवंय.”

“मी राहतो तिथे.”

“असं?” गृहस्थाला मनापासून वाईट वाटलेलं दिसलं, मेहुण्याबद्दल. “नाही म्हणजे, हरकत काही नाही आमची. पण बघितलं असं नाही ना. खोटं कसं लिहिणार?”

खाली शिंप्याने त्यांना बघताच मशीन थांबवलं आणि लगबगीने उठला.

“या साहेब. यंदा फार येतंय हो आमचं. मीटर पळतोय का जरा बघा.”

“मी वरच्या घरात राहतो.”

“मस्करी करताय. रोज सकाळी बॅटरी घेऊन मीटर वाचायला येता की तुम्ही. मी मिसेसना म्हणतो, बघ, खातं कसं कामाला लागलंय, पूर्वी महिन्यातून एकदा यायचे.” मग आवाज खाली आणून म्हणाला, “त्या घरात एक बाई होत्या. जिनाभर केकचा वास यायचा. त्या गेल्यावर बंदच आहे ते.”

युनिटरावांनी मान डोलावली. शिंप्याचा मीटर बघून दिला. पळत नव्हता.

उरलं समोरचं घर. म्हणायला समोरचं, पण दोन्ही स्वयंपाकघरांच्या मध्ये एकच भिंत. तिथल्या बाई दोन वर्षांपूर्वी राहायला आल्या होत्या, टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेल्या. दोन वर्षांत जिन्यात तीनदा ‘नमस्कार’ झाला होता, त्यातला एक चुकून दोघांनी एकदमच केला होता, त्यामुळे उत्तर द्यायचं राहून गेलं. मुदतीचा शेवटचा दिवस होता. त्यांनी दार वाजवलं. एकदाच. दुसऱ्यांदा वाजवायचा धीर झाला नाही.

दार उघडलं.

“मी समोर—”

“माहीत आहे.”

“मी तिथे राहतो, याला एक सही हवी होती.”

बाईंनी कागद घेतला, आतून चष्मा आणला, आणि उंबऱ्यावरच उभ्या राहून पहिल्या ओळीपासून वाचायला लागल्या. मंडळाच्या पत्त्यासकट. शेवटी म्हणाल्या, “हे चुकीचं आहे.”

“काय?”

“‘प्रत्यक्ष पाहिले आहे.’ मी कुठे बघितलंय तुम्हाला? तुम्ही दिसता कुठे?”

“बरोबर आहे,” युनिटराव म्हणाले आणि कागदासाठी हात पुढे केला.

“थांबा हो. घाई कसली? बघितलं नाही. ऐकलंय.” त्यांनी कागद दारावर टेकवला. “सकाळी सात दहाला तुमचं ते यंत्र घरघरायला लागतं. सहा मिनिटं. पाव असणार.”

“पावच.”

“संध्याकाळी सातला परत. चौदा मिनिटं. मग टिंग. मग तुम्ही ‘वा!’ म्हणता.”

“मी?”

“रोज. मोठ्याने. अधूनमधून चोवीस मिनिटं चालतं, तेव्हा ‘वा’ येत नाही.”

“फ्लॉवर. करपतो कडेला.”

“तापमान कमी ठेवा. तीस वर्षं कानाला यंत्र लावून बसले होते मी. सवय जात नाही. वाईट वाटून घेऊ नका.” बाईंनी पेन उघडलं. “मागच्या महिन्यात दोन दिवस वाजलं नाही.”

“ताप होता जरा.”

“दुसऱ्या दिवशी आले होते मी दारापर्यंत. हात वर केला वाजवायला, आणि तुम्ही आत शिंकलात. म्हटलं, आहेत. परत गेले.”

आपण शिंकतो आणि त्याने कुणाला तरी बरं वाटतं, ही शक्यता युनिटरावांनी धरलीच नव्हती.

“मी पण टिंग झालं की ताट घेते,” बाई फॉर्मकडे बघत म्हणाल्या. “एकटीला वेळेचं भान राहत नाही. तुमच्यामुळे जेवण वेळेवर होतं.” त्यांनी ‘पाहिले’ शब्दावर काट मारली, वर स्वच्छ अक्षरात ‘ऐकले’ लिहिलं, आणि खाली सही केली, नाव, घर क्रमांक, निवृत्तीपूर्वीच्या हुद्द्यासकट. “नाही घेतला तर सांगा. मी येते खिडकीवर. तासन्‌तास लोकांचं ऐकून घेतलंय मी, ती बाई दहा मिनिटांत दमेल.”

कागद हातात आला. युनिटराव उंबऱ्यावर उभे होते. म्हणजे तीन महिने आपण एकट्याने जेवत नव्हतो. फक्त मध्ये भिंत होती. मनात एक मोठं वाक्य जुळत होतं, आणि चार वर्षांत पहिल्यांदा ते फ्रिजला नव्हे, माणसाला सांगायचं होतं.

“बाई,” त्यांनी सुरुवात केली, “आज तुम्ही मला—”

“एक विनंती होती.”

“बोला ना. काहीही.”

“आत यायचं तर आत या, जायचं तर जा. पण दार लावा. हीटर चालू आहे.”