सोडलेली वायर

सोपान मिस्त्रीने तपासणीच्या बल्बची एक वायर जीपच्या पत्र्याला टेकवली आणि दुसरी हेडलाइटच्या स्विचला लावली. बल्ब पेटला. मग वायर चाचपत तो पुढे सरकला, बॉनेटखाली वाकला आणि रेडिएटरच्या बाजूला, जिथे हेडलाइटच्या वायरी स्क्रूखाली आवळलेल्या असतात, तिथे थांबला.

“हितवर करंट येतोय. फुडं जात न्हाय. वायर निघालीय.”

“खड्ड्यानं सुटली आसंल,” जीपचे मालक हिंदुराव म्हणाले.

सोपानने वायरीचं टोक बोटावर घेऊन दाखवलं.

“खड्ड्यानं स्क्रू सैल हुतो, तात्या. हितं स्क्रू घट्ट हाय आन् वायर भाईर. ही सुटलेली न्हाय, कुणीतरी सोडलेली हाय.”

हिंदुरावांनी वायर जोडून घेतली आणि बारामतीहून निरवांगीपर्यंत तेच वाक्य चघळत आले. लष्कराच्या डिस्पोजलच्या लिलावातून घेतलेली ही जीप ते कुणाच्या हाती देत नसत. सोसायटीची निवडणूक तोंडावर आली होती. रानातली कामं उरकून माणसं बसायची ती दिवेलागणीनंतरच, आणि नेमके तेव्हाच दिवे दगा द्यायचे. दोन बैठका तशाच हुकल्या होत्या. त्यांच्याविरुद्ध उभा होता भाऊबंदातला मोहनराव. दिवे गेले की फायदा कुणाचा, हे सांगायला ज्योतिषी नको होता.

पण मोहनराव काही स्वतः बॉनेट उघडायला येणार नव्हता. हात घरातलाच असणार. जीप रोज धुवायचा तो रामहरी, साल धरून राहिलेला गडी. इंदापूरच्या बाजारात तो मोहनरावाशी पान खात उभा होता, हे हिंदुरावांना आत्ता आठवलं. तेव्हा त्यात काही वाटलं नव्हतं. आता त्या पानाचा रंगच बदलला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी स्विच ओढला, तर दिवे पुन्हा गप्प.

सकाळी रामहरी फडकं घेऊन आला, तसे हिंदुराव आडवे आले.

“गाडीला हात लावायचा न्हाय.”

“का वो तात्या?”

“वायर कोण सोडतंय?”

“मला त्यातला पेच कुठला फिरवायचा त्येबी ठावं न्हाय.”

“ठावं करून देनारी मानसं हायत की गावात.”

 रामहरीने ओलं फडकं पिळलं, कुंपणावर वाळत घातलं आणि मागे न बघता निघून गेला. स्वयंपाकघराच्या दारात त्यांची बायको कौसल्या उभी होती.

“त्यो तसला न्हाय,” ती म्हणाली.

“तू मधी बोलू नगंस.”

हिंदुरावांनी वायर स्वतःच जोडली. रामहरीच्या कानावर जावं म्हणून कुंपणाबाहेर ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, “आज वरकुट्याला बैठक हाय. दिवं लागल्यावर निघनार.” दुपार कलल्यावर मळ्यात जातो म्हणून ते बाहेर पडले आणि मागच्या बाजूने येऊन कडब्याच्या गंजीआड बसले. येईल, तो येईलच. हाकलला म्हणून काय झालं, सुपारी घेतलेला माणूस काम पुरं करतोच.

दिवस बुडून कडूस पडलं. विहिरीकडून कुणीतरी येताना दिसलं. काळसर आकृती सरळ जीपकडे गेली आणि बॉनेटची खिट्टी वाजली. हिंदुराव श्वास रोखून पुढे झाले, वाकलेल्या माणसाचं मनगट त्यांनी करकचून धरलं.

“सापडलास, रामहऱ्या!”

मुठीत बांगड्या आल्या.

त्यांनी चेहरा जवळ नेला. कौसल्या होती. तिच्या एका हातात शिलाईच्या मशीनचा बारका पेचकस होता, दुसऱ्यात सुटलेलं वायरीचं टोक.

“तू? तूबी मोहनरावाच्या बाजूनं?”

कौसल्याने हात सोडवून घेतला नाही.

“हिरीपासनं तुमच्याकडंच बघत आले मी. गंजीआडनं तुमचा फेटा दिसत हुता. तुमी बी माझ्याकडंच बघत हुता. मी कोन त्ये कळंना तुमाला.”

“अंधार हाय.”

“अंधार कुठं हाय अजून? बांधावरची शेळी दिसतीया मला हितनं.”

हिंदुरावांनी बांधाकडे पाहिलं. डोळे बारीक केले, मोठे केले. बांधच दिसेना, मग शेळी कुठली.

“त्या राती सांगवीवरनं दोघं येताना बैलगाडीच्या गाडीवानाला शिव्या घातल्या तुमी, कंदील न्हाय म्हनून,” ती म्हणाली. “कंदील हुता. गाडीत बाई हुती, मांडीवर पोर हुतं. थोडक्यात वाचली.”

“मग तवाच बोलायचं.”

“बोलले की. तुमी म्हनला, गाडी मी चालवतोय का तू?”

हिंदुरावांची मूठ सैल झाली. त्यांनी मडगार्डवर हात टेकला. वरकुट्याची बैठक भरायची वेळ होत आली होती. कौसल्याने खाली वाकून वायर पुन्हा स्क्रूखाली घातली आणि पेच आवळला. त्यांनी तिला अडवलं नाही, स्विचही ओढून पाहिला नाही.

“चल,” ते म्हणाले.

“वरकुट्याला?”

“न्हाय. रामहरीकडं.”

वाट पायाखालची होती, तरी पाटाजवळ ते थबकले. कौसल्याने हात पुढे केला. तो त्यांनी धरला.

रामहरीच्या अंगणात कुणीतरी उठून उभं राहिलं. सावलीसारखं, बिनचेहऱ्याचं. रामहरी होता, त्याचा बाप होता की भाऊ होता, काही कळेना. हिंदुराव अंगणाच्या कडेला थांबले. मग त्यांनी विचारलं,

“रामहरीच न्हवं का तू?”

सावली दोन पावलं जवळ आली.

“व्हय, तात्या.”

“सकाळी ये,” हिंदुराव म्हणाले. “गाडी चालवायला शिकवतो तुला.”