खाण्याची निलगिरी

निलगिरी म्हटलं की लोकांना सर्दी आठवते. पण ताईच्या परसातल्या निलगिरीचं पान चुरगाळलं की पिकल्या स्ट्रॉबेरीचा आणि मागून हलकासा दालचिनीचा वास यायचा. रोपवाटिका चालवणाऱ्या तिच्या बाबांनी ते झाड हौसेनं लावलं होतं. पान चावायचं नाही, तमालपत्रासारखं दुधात उकळून काढून टाकायचं, हे मात्र ताईनं स्वतः चुकतमाकत शोधलं. बेकरीत केक करायची ती. हाताला चव होती.

अकरा वर्षांपूर्वी बाबा शिडीवरून पडले. डोक्याला मार लागला, वास कळेनासा झाला आणि जेवणावरून मनच उडालं. एका रविवारी ताईनं त्या पानांचं कस्टर्ड केलं. बाबांनी पहिल्याच चमच्याला डोळे मिटले.

"लागला गं वास! एवढा एकच लागला."

त्याच महिन्यात परगावच्या मोठ्या हॉटेलानं तिला केकविभागाची मुख्य म्हणून बोलावलं होतं. तिनं नकार कळवला. स्थळंही परतवली. "ताई, तू आहेस म्हणून बाबा जेवतात," धाकटा भाऊ म्हणायचा, आणि तिच्या अंगावर मूठभर मांस चढायचं.

या वर्षी भावानं गाडी घेतली. ताई बेकरीतून परतली तेव्हा परसात नुसता बुंधा उरला होता. फांद्या भरून ट्रक निघूनही गेला होता.

"मुळं गटारात शिरली होती," भाऊ म्हणाला. "आणि गाडी काय डोक्यावर ठेवू? इसेन्सची बाटली आण की बाजारातून."

बाबांचे गुडघे धरलेले, खोली रस्त्याकडची. त्यांना यातलं काही ठाऊक नव्हतं. रविवारी तिनं नुसतं दूध-साखर-अंड्याचं कस्टर्ड केलं. आधी खाऊ देत, मग सांगू, असं ठरवून वाटी त्यांच्या हातात दिली.

बाबांनी चमचा तोंडात घातला, डोळे मिटले. "वा! आज तर काय घमघमाट सुटलाय!"

ताई पलंगाच्या कडेला बसली. "बाबा, यात पान नाहीये."

चमचा थांबला. त्यांनी वाटी खाली ठेवली.

"मला कुठं कळतंय?" ते पुटपुटले. "वास परत येणार नाही, असं डॉक्टर तेव्हाच म्हणाले होते. पण तू निघाली होतीस ना... मग माझं कोण होतं?"

ती उठून स्वयंपाकघरात गेली. भाऊ चहा गाळत होता.

"तुला ठाऊक होतं?"

"अगं, म्हाताऱ्या माणसाचं मन राखायचं असतं," तो गाळणीवरची नजर न काढता म्हणाला. "तुलाही बरंच वाटत होतं की!"

महिन्याभरात ताईनं घर सोडलं. त्याच हॉटेलात तिला काम मिळालं, पण मुख्याची जागा केव्हाच भरली होती. त्या जागी आता ताईनंच बेकरीत अंडी फेटायला शिकवलेली मुलगी होती. ती हिला "मावशी" म्हणते आणि सकाळी कामं वाटून देते. शेहेचाळिसाव्या वर्षी ताई साचे घासते, पीठ चाळते.

भावाचा फोन येतो. "बाबा जेवत नाहीत गं."

"जेवतील," ताई म्हणते, "भूक लागली की," आणि फोन ठेवते. मग कितीतरी वेळ तिचे हात कामाला लागत नाहीत.