चित्रातली जखम

"आलं! रक्त आलं!" पुरुषोत्तमकाकांचं गॅरेज दणाणून गेलं.

टेक्सासमधल्या शुगर लँडचे मराठी इंजिनियर आणि डॉक्टर घामाघूम होऊन हात जोडून उभे होते. समोर बंद पडलेल्या चर्चमधून लिलावात आणलेलं वेदीमागचं भलंमोठं जुनं चित्र होतं. लाकडी चौकटीच्या पिळदार सोनेरी खांबांच्या मधे एक संत, आणि त्याच्या पायाशी तलवारीने खांदा फाटलेला शिपाई. संत नुसत्या हाताने ती जखम बरी करत होता.

"हे आपलेच नाथ! व्हिसाशिवाय इकडे आले, थंडीने गोरे पडले," भूतबाधा उतरवणारे अनंतबाबा सांगत होते आणि लोक माना डोलावत होते. शिकलेल्यांनी अक्कल गहाण टाकली की सोडवायला कुणी जात नाही.

बाबांनी तांब्यातलं तीर्थ शिंपडलं की शिपायाची जखम लाल व्हायची, आणि चेला पट्टा उचलायचा. पट्ट्याखाली माझी धाकटी बहीण नेत्रा होती. तिला फिट येतात. बाबांनी त्याला बाधा म्हटलं, गोळ्या बंद करवल्या, आणि तिचा नवरा यतीन मला न कळवता तिला इथे घेऊन आला. तिच्या शेजारणीने फोन केला म्हणून मी धावत आले.

फटका बसला. नेत्राचा ओठ फुटला.

"ताई!" ती किंचाळली.

"ती नाही, भूत ओरडतंय," बाबा म्हणाले. "मारा!"

"यतीन, थांबव हे!"

"प्लीज रेणूताई, डिस्टर्ब नका करू. लास्ट राउंड आहे."

मी मधे घुसले. पट्टा माझ्या मनगटावर बसला, कातडी सोलली गेली. संतापाने मी चेल्याला ढकललं. तो चित्रावर आपटला आणि चौकटीचा सोनेरी खांब कडाडून मोडला. मी जखमेकडे पाहिलं. लाल डागाच्या कडेला पांढरी पूड होती, आणि तांब्यातलं तीर्थ पिवळं. मी शाळेत केमिस्ट्री शिकवते.

"यतीन, कुंकू कशाचं करतात?"

त्याने बाबांकडे पाहिलं.

"हळद आणि चुना! यांनी चित्राला चुना लावलाय, आणि तुम्हालाही!"

उताऱ्याच्या ताटातलं कापलेलं लिंबू उचलून मी त्या रक्तावर पिळलं. सगळ्यांच्या देखत रक्त पिवळं पडलं.

बाबा दाराकडे पळाले. पुरुषोत्तमकाकांनी गचांडी धरून त्यांच्या कानाखाली वाजवली.

"काका, आता तुम्ही नका मारू! पोलिसांना बोलवा!"

तेवढ्यात नेत्राला फिट आली. मी तिला कुशीवर वळवलं, डोक्याखाली ओढणी सरकवली.

"मला तिला बरंच करायचं होतं, ताई," यतीन रडत म्हणाला. तो खरं बोलत होता, म्हणून मला त्याची जास्तच भीती वाटली.

चमत्कार दिसला तर जरूर तपासा, प्रश्न विचारा. पण आजाऱ्याला मारा म्हणणारा खोटा आहे, हे कळायला केमिस्ट्री लागत नाही.