तिसावी पिशवी

वजनकाट्यावर उभ्या असलेल्या पोनिरानची पँट घसरली आणि दोन्ही खिशांतली मिळून अकरा कुलपं फरशीवर खणखणत पडली.

रांगेतल्या बायका जे हसायला लागल्या, ते थांबेचनात.

"पंचेचाळीस किलो लागतात, पंचेचाळीस भरले होते," पँट वर ओढत पोनिरान म्हणाला. "सगळ्यांनी बघितलंय. काटा पंचेचाळीसवर होता."

"त्यातले बेचाळीस तुझे, तीन कुलपांचे," रांग सांभाळणारा म्हातारा कासिदी म्हणाला. "कुलपांचं रक्त काढायचं का आता?"

"पाक कासिदी, तीन किलोनं काय होतंय हो? घरात महिनाभर कढई चढली नाही!" पोनिराननं आज आदरानं 'पाक', म्हणजे काका, लावलं होतं.

"खाली उतर."

पोनिरान बाजारात कुलपं दुरुस्त करायचा. रक्तदानाची गाडी गेली अकरा वर्षं दर तीन महिन्यांनी वॉर्डाच्या सभागृहात येत होती आणि प्रत्येक वेळी या माणसाचा जन्मवार निघायचा. पोन. जन्मवाराला रक्त सांडायचं नसतं म्हणे. जावातल्या पाच दिवसांच्या आठवड्यात पोन पाच दिवसांनी एकदा येतो. याला तो दिवसातून दोनदा यायचा. आज खराखुरा पोन होता. कासिदीनं सकाळीच कॅलेंडरात पाहून ठेवलं होतं. आणि आज हा पठ्ठ्या कुलपं भरून पहाटेपासून रांगेत.

कारण आज रक्ताच्या बदल्यात तेल होतं.

देशभर पामच्या बागा, जहाजं भरभरून तेल बाहेर जातं, आणि त्या वर्षी इथल्या बाईला टेम्पे, म्हणजे सोयाबीनच्या वड्या, तळायला वाटीभर तेल मिळेना. लोक पहाटे चारला दुकानांपुढे चपला ठेवून नंबर लावायचे. अशा दिवसांत कासिदीनं घाऊक दुकानदार कोह लियोंगला गाठलं आणि त्याच्याकडून एक-एक लिटरची चाळीस पाकिटं मिळवली. बदल्यात फलकावर दुकानाचं नाव 'रक्तदान' या शब्दाच्या दुप्पट मोठं छापावं लागलं.

हे करताना त्याच्या तोंडाला अक्षरशः कडू चव आली होती. कासिदीच्या लेखी माणसांच्या दोनच जाती: रक्त देणारे आणि कारणं देणारे. दुसरी जात त्याला पाठ होती. रक्त दिलं की अंग सुटतं, म्हणणारे. रक्त दिलं की त्याची सवय लागते, मग अंगाला खाज येते, म्हणणारे. बायको नको म्हणते, म्हणणारे, आणि घरी गेलं तर बायको म्हणायची, "न्या हो, सगळंच न्या." स्वतः कासिदीनं एक्याण्णव वेळा रक्त दिलं होतं, गाडी नव्हती तेव्हा शहरात जाऊन. अशा माणसानं तेल दाखवून रक्त गोळा करायचं म्हणजे इमामानं मिठाई दाखवून नमाजाला माणसं बोलवायची.

पण इलाज नव्हता. मागच्या खेपेला अख्ख्या वॉर्डातून सात पिशव्या निघाल्या. गाडीवरची बू (म्हणजे बाई) तिनुक, बावीस वर्षं अनुभव असलेली नर्स, त्याला बाजूला घेऊन म्हणाली होती, "पाक, वरचे साहेब म्हणतात, सात पिशव्यांसाठी डिझेल जाळू नका. पुढच्या वेळी तीस झाल्या तर ठीक. एकोणतीस झाल्या तरी ठिकाण बंद."

ठिकाण बंद म्हणजे आपल्यासाठी काय, हे कासिदीनं कुणाला सांगितलं नव्हतं. अडतीस वर्षं तो वॉर्डाच्या या कचेरीत शिपाई होता. "चहा आण", "फाईल ने", "पंखा बंद कर". त्या अडतीस वर्षांत त्याला कुणी "बसा" म्हटल्याचं आठवत नव्हतं. पण रक्ताची गाडी आली की पांढऱ्या कोटातली माणसं म्हणायची, "पाक कासिदी, आडवे व्हा. काही त्रास होतोय का? सावकाश उठा हं." वर्षातून चार वेळा. निवृत्तीनंतर कचेरीनं त्याची खुर्ची काढून घेतली, पण सभागृहाची किल्ली मागायचं विसरली. तीच घेऊन तो अजून येत होता.

तर सव्वाशे माणसं जमली होती. आणि त्यांतली बहुतेक कुचकामी निघत होती.

बू तिनुकच्या टेबलावर निळ्या पाण्याच्या बाटल्या होत्या. बोटाला टोचायचं, रक्ताचा थेंब निळ्या पाण्यात सोडायचा. बुडाला तर पास. तरंगला तर रक्त पातळ, घरी जा. आज थेंबामागून थेंब तरंगत होते, कारण ही मंडळी दुसऱ्या कुठल्या तरी तेलाच्या रांगेतून उपाशीपोटी थेट इथं आली होती.

"लोह कमी आहे. पालक खा, कलेजी खा. तीन महिन्यांनी या," बू तिनुक एकेकाला सांगत होती.

"कलेजी तळू कशात?" एका बाईनं विचारलं.

"पुढं चला," कासिदी खेकसला. "अंगात रक्ताऐवजी चहा भरलाय यांच्या."

तेवढ्यात एका आजींना त्यानं मनगटाला धरून थांबवलं. "तुम्ही मघाशी दिलंत ना?"

"ती माझी बहीण," आजी म्हणाल्या.

"बहिणीच्याही कोपरावर हीच पट्टी होती?"

आजींनी पट्टीकडे बघितलं, मग शांतपणे दुसरी बाही वर केली. "बरं, मीच ती. पण हा हात कोराच आहे. याच्यातलं घ्या."

दुपारी बारापर्यंत सत्तावीस झाल्या. मग अठ्ठावीस. एका ट्रक ड्रायव्हरनं एकोणतिसावी दिली आणि तेलाचं पाकीट छातीशी धरून असा निघून गेला, जणू बाळंतपण त्याचंच झालं होतं. रांग संपली. बाहेर व्हरांड्यात नापास झालेले शंभरएक जण बसून होते. घरी जायला कुणी तयार नव्हतं. न जाणो, शेवटी वाटतील.

"एक राहिली," बू तिनुक म्हणाली.

"ती माझी," कासिदी म्हणाला. शेवटची जागा त्यानं स्वतःसाठीच ठेवली होती. तिसावी पिशवी, आणि तीही तेल न घेता. या सगळ्या भिकारड्यांच्या देखत. त्यानं बाही वर केली, बोट पुढं केलं.

थेंब निळ्या पाण्यात पडला, जरासा खाली गेला, थबकला. आणि हळूच वर आला.

"बाटली जुनी झाली असेल," कासिदी म्हणाला.

बू तिनुकनं नवी बाटली उघडली. दुसऱ्या बोटाला टोचलं. दुसरा थेंब पहिल्यापेक्षा लवकर वर आला.

"लोह कमी आहे, पाक," ती म्हणाली. आवाज तोच होता, सकाळपासून सगळ्यांना लावलेला. "पालक खा, कले..." आणि मध्येच थांबली. कासिदीचं पासष्टावं पुढच्या महिन्यात पूर्ण होत होतं. पासष्टनंतर कुणाचंच घेत नाहीत.

"तीन महिन्यांनी या," कासिदीनंच ते वाक्य पुरं केलं.

दारातून पोनिरान बघत होता. ते कासिदीला जास्तच लागलं.

इतक्यात लुराहसाहेब आले. वॉर्डाचे प्रमुख, पाक हार्योतो. गणवेश कडक इस्त्रीचा, मागं फोटोवाला. ते अकरा वर्षं याच वेळी यायचे, खाटेवर आडवे व्हायचे, कोपरावर रिकामी नळी चिकटपट्टीनं लावून घ्यायचे, हसायचे, फोटो निघायचा, उठायचे. 'पुढारी स्वतः उदाहरण घालून देतात' अशी ओळ त्याखाली छापली जायची. कासिदीनंच दर वेळी चिकटपट्टी कापून दिली होती.

"चला, लवकर," लुराहसाहेब खाटेवर पाय पसरत म्हणाले. "एक वाजता जेवणाचं आमंत्रण आहे. पाक, पट्टी."

कासिदी पट्टी घेऊन गेला. खाली वाकला.

"साहेब, एक पिशवी कमी पडतेय. आज खरंच द्या."

"वेड लागलंय का?"

"नाहीतर गाडी बंद होईल."

"होऊ दे की! तुमचं काय जातंय?" मग आवाज एकदम खाली आला. "अहो, मला सुई... लहानपणापासून. सुंता झाली तेव्हापासून. कुणाला सांगू नका."

कासिदीनं त्या गुळगुळीत, जाडजूड हाताकडे पाहिलं. यात निदान दोन माणसांचं रक्त होतं. तो उभा राहिला, खिडकीशी गेला आणि अडतीस वर्षांत कधी काढला नव्हता एवढा मोठा आवाज काढला.

"या हो, या! लुराहसाहेब रक्त देतायत! तेलाबिलाशिवाय! बघायला या!"

व्हरांड्यातले शंभर नापास एका दमात उठले. खिडक्या माणसांनी भरल्या. पोनिरान सगळ्यांत पुढं, मोबाईल वर धरून. "साहेब, इकडं बघा! थेट दाखवतोय!"

"शाबास, पाक लुराह!" दोन बाह्यांच्या आजी ओरडल्या.

लुराहसाहेबांनी उठायचा प्रयत्न केला. मग मोबाईल बघितले. मग पुन्हा आडवे झाले. बू तिनुकनं त्यांच्या बोटाला टोचलं, तेव्हा त्यांनी डोळे घट्ट मिटले. थेंब दगडासारखा तळाशी गेला.

"उत्तम," ती म्हणाली आणि खरी सुई उचलली.

सुई बघून लुराहसाहेबांनी हाताला लागेल ते धरलं. हाताला कासिदीचा हात लागला. "सोडू नका," ते दातओठ आवळून म्हणाले, "पाक, सोडायचं नाही. आई गं... सोडायचं नाही!"

कासिदीनं सोडला नाही. खाटेपाशी उभा राहून तो पिशवी भरताना बघत राहिला. लालभडक, दाट, पहिल्या प्रतीचं रक्त. काय पण माणूस आणि काय पण रक्त. चांगल्या माणसाचं रक्त चांगलं असतं, अशी त्याची पक्की समजूत होती. एक्याण्णव पिशव्यांची समजूत.

दहा मिनिटांत पिशवी भरली. लुराहसाहेब अर्धवट उठून बसले, दूध प्यायले, त्यांच्या गालांवर रंग आला, आणि रंगाबरोबर भाषण आलं. "बंधुभगिनींनो, एवढंसं टोचतं. एवढंसं! तेलासाठी येणाऱ्यांना मी विचारतो, कुठं गेली आपली माणुसकी?" खिडक्यांतून टाळ्या पडल्या. निघताना त्यांच्या फोटोवाल्यानं तेलाची दोन पाकिटं उचलली. एक साहेबांचं, एक फोटोचं.

बू तिनुक खोके बांधत होती. "तीस," ती कासिदीला म्हणाली. "कागदावर तीस. पुढच्या तिमाहीची तारीख घालते मी." मग जरा थांबून, "तुम्ही बसा ना पाक, जरा. सकाळपासून उभे आहात."

"नको," कासिदी म्हणाला. "गाडी काढायची आहे. तुमच्या ड्रायव्हरला मागचं गटार दिसत नाही."

तो बाहेर गेला. फाटकापाशी व्हरांड्यातल्या लोकांच्या मोटरसायकली आडव्यातिडव्या लावल्या होत्या. त्यानं शिव्या देत एकेक बाजूला सारली. पोनिराननं न सांगता दुसरं टोक धरलं. गाडी सुरू झाली. कासिदी तिच्या मागं रस्त्यात जाऊन उभा राहिला आणि दोन्ही हात वर केले. दोन बोटांना कापसाचे दोन बोळे चिकटवलेले होते.

"या," तो ओरडला, "या, या, अजून मागं. अजून. जागा आहे, या."