सोलांजचा कोरा फुगा

"कलेत भीड चालत नाही!" सोलांजने रविवारच्या जेवणाला जाहीर केलं. "ज्याने भोगलं त्याने सगळं खरं सांगावं. त्यात सख्ख्या आईचं कातडं सोललं गेलं तरी बेहत्तर."

एवढं बोलून, मुलगी सॉस आणायला स्वयंपाकघरात वळताच तिने पुस्तकाच्या पानांची फाइल ओढली आणि आपलं कातडं कुठवर सोललंय ते तपासायला घेतलं.

मुलगी म्हणजे ओडिल. बेल्जियममधल्या लिएज शहरात दर तिसऱ्या घरात कुणीतरी चित्रकथा काढतं, उरलेल्या दोन घरांत त्या संडासात बसून वाचतात. त्यामुळे तिच्या धंद्याचं कुणाला नवल नव्हतं. पण हे पुस्तक तिच्या स्वतःच्या लहानपणाचं होतं. सातव्या वर्षी तिची मूत्रपिंडं रुसली, औषधांनी तोंड भोपळ्यासारखं सुजलं, मिठाला बंदी आली आणि बिछाना इस्पितळात हलला. तेच सगळं तिने चौकटीचौकटींतून मांडलं होतं. उद्या पानं प्रकाशकाकडे जायची होती.

सोलांज बारकाईने बघत गेली. नर्स बोलत होत्या, शेजारच्या खाटेवरची जुनी बाहुलीसुद्धा बोलत होती. नवरा फर्नां तर प्रत्येक चौकटीत एकच वाक्य बोलत होता, "गाडी लावायला जागा मिळाली नाही."

"हे मी कधी म्हणालो?" फर्नांने डोकावून विचारलं.

"आज सकाळीच."

मग ते पान आलं. काचेच्या दारापलीकडे डॉक्टर, त्याच्यासमोर सोलांज. तोंड उघडं. तोंडातून निघालेला संवादाचा भला मोठा फुगा, आणि फुग्यात एक अक्षर नाही.

सोलांजने पान उजेडात धरलं. बाहुलीलासुद्धा शब्द, आणि आपल्याच तोंडी कोरा कागद? त्या दारामागे आपण काय बोललो हे तिने फर्नांलाही सांगितलं नव्हतं. मग हिला कळलं कसं? डॉक्टरने सांगितलं? तो तर वारला. वारायच्या आधी गाठलं असेल! तरीच नाताळात म्हणाली, "ममा, तू किती दमतेस गं." टोमणा होता तो. आपण बावळटासारखं थँक्यू म्हणालो.

"फर्नां, ही दबा धरून बसलीय. पुस्तक छापून झाल्यावर लिहिणार."

"छापल्यावर? एकेका प्रतीत, पेनने?"

"घे, तू तिचीच बाजू घे."

ओडिल सॉसचं भांडं घेऊन आली आणि थबकली. "ममा, काही हरवलंय का?"

"छे! कागद बघत होते. चांगला जाड आहे." सोलांजने पानावर बोट ठेवलं. "इथे काय लिहिणार आहेस?"

"तू सांग."

"मला कशाला विचारतेस? तुला माहीत आहेच."

"काचेतून ऐकू येत नव्हतं. नुसतं तुझं तोंड हललेलं दिसलं. मग तू कोट घालून निघून गेलीस." ओडिलने भांडं खाली ठेवलं. "मला कायम वाटत आलंय, तू म्हणालीस, ही नको आता, ठेवा इथेच. तसं असेल तर तसं लिहिते."

या घरात संशयाने पोखरलेल्या आपण एकट्याच, असा सोलांजचा समज होता. तिच्या जिभेवर एक झकास वाक्य आलंही, 'माझं मूत्रपिंड काढून हिला द्या!' पुतळ्याखाली कोरावं असं. पण पोरगी पापणी न लववता बघत होती.

"मी विचारलं, एक रात्र घरी जाऊन झोपू का," सोलांज म्हणाली. "महिनाभर खुर्चीत काढला होता गं. तो जा म्हणाला. आणि मी मेल्यासारखी झोपले, ओडिल. तुझी आठवणसुद्धा आली नाही."

ओडिलने पेनचं टोपण काढलं आणि फुग्यात लिहिलं, 'एक रात्र घरी जाऊन झोपू का?' लिहून झाल्यावर बराच वेळ त्याकडे बघत राहिली.

"एवढंच होतं?" तिचं नाक लाल झालं होतं.

सोलांजला हुंदका फुटला. टेबलावर ओणवून तिने लेकीचं मनगट घट्ट धरलं.

"ममा," ओडिल हळूच म्हणाली.

"बोल, बाळा."

"कोपर उचल. शाई ओली आहे."